तेवीस कागद, एकच अक्षर

आमचं घर नेहमी लोकांच्या नेटच्या कोपऱ्यात असायचं. नेट म्हणजे शेडनेट, हिरव्या जाळीचा मोठा मांडव, आत मिरचीचं नाहीतर टमाट्याचं बियाण्याचं पीक. देऊळगाव राजाच्या आमच्या भागात असे मांडव ठायी ठायी दिसतात. बाप राखणदार आणि माय क्रॉसिंगला. क्रॉसिंग म्हणजे चिमट्यानं कळी उघडायची, आतले तंतू काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. दिवसभर वाकून. मालक राखणदाराला टिनाची एक खोली द्यायचा. हंगाम संपला की खोली संपली. मग एक पेटी, दोन बोचकी आणि आम्ही तिघं दुसऱ्या नेटवर. सहावीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या होत्या.

बापाचा एकच कायदा होता. ज्याच्या टिनाखाली निजतो त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. "चांगलं म्हनलं तरी लोक म्हनतीन, काल वाईट म्हनत असशीन," असं तो म्हणायचा.

मायनं हा कायदा एकदा मोडला. मी तेव्हा सहावीत होते. बाया आत क्रॉसिंग करत होत्या आणि पलीकडच्या टोकानं एकानं औषधाचा फवारा सुरू केला. डोळ्यांची आग झाली तशा बाकीच्या बायांनी तोंडाला पदर लावला आणि काम चालू ठेवलं. माय मात्र बाहेर आली आणि मालकिणीला म्हणाली, "बाई, आमी बाहेर निघाल्यावर मारा ना फवारा." एवढंच म्हणाली, आवाजही चढवला नाही. तिसऱ्या दिवशी मालकानं बापाला सांगितलं, खोली खाली करा, दुसरा राखणदार ठरला. त्या दिवशी माझा सहामाहीचा गणिताचा पेपर होता. मी ट्रॉलीत पेटीवर बसले होते आणि कंपास मांडीवर होता. मत मांडणं म्हणजे काय, हे मला त्या ट्रॉलीत कळलं. तो शब्द पुढे पुस्तकात भेटला.

पुढं मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, म्हणून हे मी आडपडदा न ठेवता लिहिते. निकालाच्या दिवशी बाप गुणपत्रिका उलटी धरून बघत होता आणि मी ती सुलटी करून दिली नाही. त्याला हवी तशी त्यानं बघितली.

त्यानंतर मला रस्त्याकडेच्या एका बियाणे कंपनीच्या प्लांटवर प्रयोगशाळेत नोकरी लागली. बियाणं ओल्या कागदात गुंडाळायचं, ठरल्या दिवशी उघडायचं आणि शंभरातले किती उगवले ते लिहायचं. पहिलं वर्ष कच्चं होतं. वर्ष संपलं की साहेब ठरवणार, कायम करायचं की घरी पाठवायचं. नेटमध्ये वाकून मायची कंबर गेली होती, म्हणून मी तिलाही तिथंच निवडीच्या टेबलावर लावून घेतलं. निवड म्हणजे ताटात बियाणं पसरून काळं, फुटकं, पोचट वेचून काढायचं काम. त्या टेबलांवर एकूण तेवीस बाया होत्या.

माय रुजू झाली त्या दिवशी बापानं मला बाजूला घेतलं. "आता तुमी दोघी एकाच टिनाखाली. समजली?"

"समजली," मी म्हणाले.

आमच्या प्लांटवर एक चावी होती. बायांच्या संडासाची. तिला वीतभर लाकडाचा दांडका बांधलेला होता आणि ती सुपरवायझरच्या खुर्चीमागं खिळ्याला टांगलेली असायची. सुपरवायझर आमच्याच तालुक्यातला, पन्नाशीचा माणूस. सगळ्या त्याला भाऊ म्हणायच्या. बाईनं उठायचं, पुरुषांच्या पॅकिंग लाइनीसमोरून त्याच्यापर्यंत जायचं, चावी मागायची आणि तो दांडका हातात धरून परत सगळ्यांसमोरून जायचं. भाऊ वहीत वेळ लिहायचा. वाईट बोलायचा नाही, नुसतं घड्याळाकडे बघायचा. त्यामुळे बाया सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात टिनाखाली घशाला कोरड पडलेली असायची आणि माठ मात्र भरलेला.

मी रोज हे बघत होते आणि प्रयोगशाळेला वेगळा संडास होता म्हणून गप्प होते. हेही लिहायला पाहिजे.

मग मुख्य कार्यालयातून मतांचे फॉर्म आले. कंपनीबद्दल, वरिष्ठांबद्दल, कामाच्या वातावरणाबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं ते लिहा. आम्हा ऑफिसवाल्यांना मोबाईलवर भरायचं होतं, टेबलावरच्या बायांना छापील कागद. वर ठळक लिहिलं होतं, नाव लिहू नये. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. साहेब पुण्याकडचे, बोलायला मऊ. "मोकळेपणानं लिहा. कोणी लिहिलं हे आम्हाला कळणारही नाही. आणि ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना या ताई मदत करतील." ताई म्हणजे मी.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी माठाजवळ बसून कागद भरले. पहिला प्रश्न होता, 'आपल्या वरिष्ठांचे नेतृत्व आपल्याला प्रेरणादायी वाटते का?'

टेबलावर सगळ्यात वयस्कर एक आजी होती. तिला सगळ्या बुढी म्हणायच्या आणि तीही स्वतःला तेच म्हणायची. ती म्हणाली, "हे काय इचारते वं हा कागद?"

"साहेब कसा आहे, असं विचारतो."

"साह्यब चांगला हाय. दिसत नाई, पन चांगला हाय. देवासारखा."

बाया हसल्या. मी 'साहेब चांगले आहेत, पण दिसत नाहीत' असं लिहिलं. देव गाळला.

पुढचा प्रश्न होता, 'आपल्या अडचणी ऐकून घेतल्या जातात का?' सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोणीतरी म्हणालं, "लिव, सगळं बेस हाय." दुसरी म्हणाली, "माहंही तेच." तिसरी म्हणाली, "माहंही." तेवीस कागदांवर तेवीस वेळा बेस झालं असतं आणि सगळं संपलं असतं. पण मी पेन खाली ठेवलं. का ठेवलं, ते नीट सांगता येत नाही. कदाचित मला माझ्या पदवीचा माज आला असेल. मी म्हणाले, "नाव नाही लिहायचं. कोणाला कळणार नाही. माझी जबाबदारी."

मग माय म्हणाली, "चावीचं लिव."

आणि मग धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. एक म्हणाली, "लिव, भाऊ घड्याळ पाह्यते, लाज वाटते." एक म्हणाली, "स्टुलाले पाठ नाई, माही पाठ स्टूल झाली." बुढी म्हणाली, "लिव, मी मरून गेल्यावर माह्या चितेवर तो दांडका ठेवा, तेवढं लाकूड कमी लागीन." तेही मी लिहिलं. जसंच्या तसं लिहिलं, कारण मला वाटलं, यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही.

भरलेला कागद ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा आणि पेटीत त्यानं स्वतः टाकायचा, असा नियम होता. पेटी साहेबांच्या दारासमोर होती, कुलूप लावलेली, शेजारी सुतळीला बांधलेलं पेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय आणि मी बसची वाट बघत फाट्यावर उभ्या होतो. माय म्हणाली, "म्या चिमटा काढला."

"कसला चिमटा?"

"कागदावर. माही खून."

आमच्या टेबलांवर प्रत्येक बाईची एक खूण होती. निवडलेलं ताट पुढे जाताना त्यात एक चिठ्ठी टाकायची आणि चिठ्ठीवर आपली खूण काढायची. कोणाचं पान, कोणाचा कप, बुढीचा नुसता मोठा गोल. मायचा चिमटा, एका टोकाला जुळलेल्या दोन रेघा. पुढं तपासणीत माल खराब निघाला की खूण बघून ताट त्याच बाईकडे परत. नेटमध्येही असंच होतं, आपण क्रॉस केलेल्या फुलाला आपल्या रंगाचा दोरा. बिनखुणेचा माल पुढे जातच नाही, हे या बायांच्या हातात मुरलेलं होतं.

"कागदावर कायले काढली पण?" मी म्हणाले.

"माल आपला, त खून नको काय?"

"आणि बाकीच्यांनी?"

"सगळ्याईनंच काढली. पेन बांधेलच होतं तिथं."

बस आली. मी चढले, पण कोणत्या सीटवर बसले आठवत नाही. भाऊ रोज शेकडो चिठ्ठ्या बघायचा. त्याच्याकडून एकही ताट कधी चुकीच्या बाईकडे परत गेलं नव्हतं. तेवीस खुणा त्याला पाठ होत्या. कोणाला कळणार नाही, माझी जबाबदारी, असं म्हणणारी मी. नाव लिहिलं असतं तर निदान खोटं नाव तरी लिहिता आलं असतं.

त्या पेटीचं काही करता येतं का ते बघायला सकाळी लवकर गेले. पेटी जागेवर नव्हती. आदल्या दिवशीच गाडीनं मुख्य कार्यालयात गेली होती.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. उगवण मोजताना आकडा विसरायचा, परत मोजायचं. साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला की मानेवर घाम यायचा. भाऊ जवळून गेला की वाटायचं, याला कळलं. तो नुसता "ताई, लॉट चारशे बाराचा रिपोर्ट झाला का?" विचारायचा, आणि मला त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं ऐकू यायचं. एकदा तर त्यानं मायच्या ताटातली चिठ्ठी उचलून बराच वेळ बघितली. नंतर कळलं, चिठ्ठीला चहाचा डाग होता.

बुढी रोज विचारायची, "काय वं, आपला कागद कुठवर गेला?" जसं तिचं पोरगं परीक्षेला बसलं होतं.

मी घरी सांगितलं नव्हतं, पण बापाच्या नजरेतून काय सुटतं? आता आम्ही गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो, सिमेंटच्या, आणि ती कोणा मालकाच्या कामाशी बांधलेली नव्हती. तरी जेवताना तो म्हणाला, "आपली पेटी काढून ठेवू काय पलंगाखालून?"

मायनं त्याच्याकडे बघितलं. "गप खाय."

मी मनाशी ठरवून टाकलं. काही झालं तर सगळं माझ्यावर घ्यायचं. म्हणायचं, मीच माझ्या मनानं लिहिलं, बायांना काही ठाऊक नाही. माझी नोकरी जाईल, पण मी बी.एस्सी. आहे, कुठंतरी लागेन. मायला त्या कंबरेनं कोण घेणार? बुढीला कोण घेणार? हे ठरल्यावर मला झोप यायला पाहिजे होती. आली नाही.

नवव्या दिवशी मुख्य कार्यालयातून एक मॅडम गाडीनं आल्या. चष्मा लावलेल्या, हातात जाड पाकीट. तासाभरानं मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब बसलेले होते, भाऊ भिंतीला टेकून उभा होता आणि टेबलावर तेवीस कागद पसरलेले होते. इतके जवळजवळ ठेवल्यावर माझं अक्षर मलाच परकं वाटलं. सगळीकडे तेच, थोडं डावीकडे कललेलं.

साहेब म्हणाले, "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"म्हणजे मदत करायला सांगितलं होतं, आणि तुम्ही... हे चितेचं वगैरे काय आहे?"

मी ठरवलं होतं तेच बोलले. "सर, हे माझंच आहे. मी माझ्या मनानं लिहिलं. बायांना वाचता येत नाही. त्यांना काही माहीत नाही."

साहेबांनी श्वास सोडला. मॅडमकडे वळून म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? एका मुलीचा उत्साह. आमचं वातावरण तसं नाही." मला वाटलं, संपलं. नोकरी गेली आणि बाया वाचल्या.

मॅडमनी एक कागद उचलला. "मग खाली हे चित्र कसलं आहे? सगळ्यांवर वेगळं आहे."

"मीच काढलं, सहज," मी म्हणाले. इतकं खोटं मी आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते.

मॅडमनी तो कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "त्या बायांना इकडे बोलवा."

केबिनमध्ये तेवीस जणी मावणं शक्य नव्हतं. अर्ध्या आत आल्या, अर्ध्या दारात राहिल्या. मॅडमनी विचारलं, "हे कागद या ताईंनी स्वतःच्या मनानं लिहिले, असं त्या म्हणतात. तुम्हाला काही माहीत नव्हतं. खरं आहे का?"

मी मायकडे बघत होते आणि डोळ्यांनी सांगत होते, हाव म्हण, हो म्हण. मायनं माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. पुढं आली, वाकली, कंबर धरली आणि चिमट्याचा कागद उचलला.

"हा माहा हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिथं साहेब आहेत, मॅडम आहेत, हे ती विसरलीच. "माहं बोलनं तू तुह्या नावावर काऊन घेतं? म्या बोलली, तू लिवलं. मंग बोलनारी कोन?"



मग ती मॅडमना म्हणाली, "बाई, माल खराब निघाला त खून पाहून वापस करता ना? मंग हाही मलेच वापस करा. पोरीले नका करू."

बुढी पुढे सरकली. "माहा गोल कुठं हाय? हा, हा. चितेचं म्याच सांगतलं. पन खोटं नाई बाई, दांडका लई मोठा हाय." दारात कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक हात पुढे येत गेला. पान उचललं गेलं, कप उचलला गेला.

सगळे कागद उचलले गेले नाहीत. चौदा उचलले, नऊ टेबलावरच राहिले. त्या नऊ जणी मागं पायांकडे बघत उभ्या होत्या. त्यातल्या एकीला मी चांगली ओळखत होते. तिचा नवरा तिला कामावर येऊ देतो हेच तिला पुष्कळ होतं. मी त्यांना तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. चूक माझी होती. जबाबदारी घेते म्हणताना मी खुणेचा विचार केला नव्हता.

साहेबांनी ते नऊ कागद गोळा केले आणि भाऊपुढे धरले. "या खुणा कोणाच्या आहेत? तुम्हाला तर सगळ्या माहीत असतात."

तेवीसच्या तेवीस कागदांवर या माणसाची तक्रार होती. त्याच्या घड्याळाची, त्याच्या वहीची, त्याच्या खिळ्याची. त्यानं एकेक कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग खिशातून चष्मा काढला, लावला, परत बघितलं.

"या काई मले ओळखू येत नाई साह्यब," भाऊ म्हणाला. "कागद मोठा हाय ना. मी लहान चिठ्ठीवर पाह्यतो."

मागं कोणाचा तरी श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं. मॅडमनी ते नऊ कागद त्याच्या हातातून घेतले आणि पाकिटात परत ठेवले.

नंतर मॅडम बायांबरोबर टेबलाजवळ गेल्या. चावी मागून घेतली, दांडक्यासकट, आणि पॅकिंग लाइनीसमोरून संडासापर्यंत चालत गेल्या. पुरुष कामं थांबवून बघत होते. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला कळलं की दोन मिनिटांचा तो रस्ता किती लांब आहे, ते त्यांना कळलं.

पण गोष्टी सिनेमासारख्या बदलत नाहीत. साहेब माझ्याशी पुढं महिनाभर कामापुरतंच बोलले. वर्ष संपलं तेव्हा कायम झाल्याचं पत्र आलं नाही. 'तीन महिने मुदतवाढ' असा कागद आला. ते तीन महिने मी पुन्हा तशीच घाबरत काढले. रिपोर्टमध्ये एक आकडा इकडचा तिकडे होऊ नये म्हणून सगळं दोनदा तपासायचे. रोज वाटायचं, आज बोलावतील. बाप पेटीचं काही बोलला नाही, पण पेटी त्यानं पलंगाखालून बाहेर काढून ठेवलेली मला दिसत होती.

भाऊला मी एकदा विचारलं, "तुम्ही ओळखलं नाही ते खरं का?"

तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "ताई, मले वरून सांगेल होतं, चावी दहाच मिनिटं द्याची. मलेही कोनी कागद देला नव्हता भरायले." मग वहीचं पान उलटून म्हणाला, "पुढल्या वर्षी देजा मले. लिवता येते मले."

संडासाला आता आतून कडी आहे. चावी नाही, खिळा नाही, वही नाही. दिवाळीनंतर स्टुलांच्या जागी पाठ असलेल्या खुर्च्या आल्या. मतांचा कागद अजून दर वर्षी येतो. आता तो भरायला बाहेरची बाई येते आणि खूण काढायची नाही हे बायांना आधी मी सांगते. बुढी तरीही काढते. बाया दुपारी पाणी पितात.

तीन महिन्यांनी मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. आमच्या घरात पहिली पदवी माझी आहे आणि पहिली कायम नोकरीही माझीच. बापानं ते पत्र बघितलं, पेटीत ठेवलं आणि पेटी पलंगाखाली ढकलली. ती अजून तिथंच आहे.